मिटलेले जनुक आणि साधी गोळी

(बोदलकसा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



निमंत्रण देताना संयोजकांनी मला एकच अट घातली होती. सिकलसेलवर बोला, पण 'पाणी भरपूर प्या, थंडी टाळा, लग्नाआधी तपासणी करा' एवढ्यावर थांबू नका. ते आमच्या आशाताई रोज सांगतात. शरीराच्या आत नेमके काय चालते आणि त्यावर औषध शोधणारे लोक आज कुठवर पोहोचले आहेत, ते सांगा. ज्या परिचारिकाबाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचेही तसेच होते असे ऐकले. गोळी देताना ती कशाची, हे त्या पेशंटला सांगत असत. म्हणून मी आज काहीही पातळ करून सांगणार नाही. एखादा शब्द अवघड वाटला तर थांबवा.

सुरुवात एका अशा गोष्टीपासून करतो, जी या मांडवातल्या कितीतरी आयांनी स्वतः पाहिली आहे. बाळ जन्मते तेव्हा गुटगुटीत असते. चार महिने, पाच महिने सगळे छान. मग सातव्या-आठव्या महिन्यात एक दिवस हाता-पायांचे पंजे सुजतात. बोटे फुगून चकचकीत होतात, बाळ हात लावू देत नाही, रात्रभर रडते. कुणी म्हणते काटा लागला, कुणी म्हणते नजर. बाळाला एसएस पॅटर्नचा, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून सिकल जनुक आलेला, सिकलसेल असला, तर पुष्कळदा ही त्याची पहिली खूण असते. आता प्रश्न असा, की दोष तर गर्भात पहिल्या दिवसापासून होता. मग पहिले सहा महिने बाळ सुखरूप कसे राहिले?

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या जॅनेट वॉटसन यांना हाच प्रश्न पडला. १९४८ साली त्यांनी लिहिले, की सिकल असलेल्या नवजात बाळांच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी फारच थोड्या दिसतात, आणि याचे कारण बाळाच्या रक्तातले गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन असावे. त्या वेळी सिकलसेलचा रेणू कसा बिघडतो, हेही कुणाला माहीत नव्हते. पुढच्याच वर्षी लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की या रुग्णांचे हिमोग्लोबिनच वेगळे आहे. आजार एका रेणूत असतो, हे वैद्यकाच्या इतिहासात तेव्हा पहिल्यांदा सिद्ध झाले. पण माझ्या मते आजच्या औषधशास्त्राचा खरा धागा पॉलिंगपेक्षा वॉटसनबाईंच्या त्या निरीक्षणात आहे. पॉलिंग यांनी बिघाड दाखवला, वॉटसन यांनी बचाव दाखवला.

थोडे आत जाऊ. हिमोग्लोबिन चार साखळ्यांचे असते. मोठ्या माणसात दोन अल्फा आणि दोन बीटा. सिकलसेलमध्ये बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हे १९५६-५७ मध्ये शोधले. एकशेसेहेचाळीस दुव्यांच्या साखळीतला एक दुवा, एवढाच फरक. पण त्यामुळे ऑक्सिजन सोडल्याबरोबर हे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे तयार करतात, तांबडी पेशी ताठ आणि वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि पलीकडचे हाड, फुप्फुस, प्लीहा उपाशी पडते. ही ती 'हाडं फुटतात' म्हणणारी कळ. निरोगी तांबडी पेशी सुमारे एकशेवीस दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांतच फुटते, म्हणून रक्त नेहमी कमी.

गर्भात मात्र बीटा साखळी जवळजवळ नसतेच. तिच्या जागी गॅमा असते. दोन अल्फा, दोन गॅमा, हे गर्भाचे हिमोग्लोबिन, ज्याला रिपोर्टवर एचबीएफ लिहितात. गॅमा साखळीत तो बिघाड नाही. आणि महत्त्वाचे म्हणजे, एचबीएफ त्या दोऱ्यांत सामील होत नाही. ते मध्ये आले की दोरा लांबत नाही. जन्मानंतर सहा महिन्यांत शरीर गॅमा बंद करते आणि बीटा सुरू करते. ज्याची बीटा चांगली, त्याला काही फरक पडत नाही. ज्याची बीटा सिकलची, त्याचे दुखणे तिथून सुरू होते.

आता जी गोष्ट तुम्ही घरी घेऊन जावी असे मला मनापासून वाटते ती ही: गॅमाचे जनुक बंद होते, पण नाहीसे होत नाही. साठ वर्षांच्या रुग्णाच्याही हाडांच्या मगजात, प्रत्येक पेशीत, ते शाबूत असते. बोदलकशाच्या या तलावात पाणी भरलेले आहे, पण तुडुम, म्हणजे पाणी सोडायचे दार, बंद आहे, तसे ते आहे. बांध फोडून नवे पाणी आणायची गरज नाही. तुडुमावर कोण बसले आहे आणि त्याला थोडे बाजूला कसे करायचे, एवढाच प्रश्न.

तिथे बसलेली असतात काही विकरे, म्हणजे एन्झाइम. एन्झाइम म्हटले की आपल्याला पचन आठवते. पण पेशीच्या केंद्रकात एन्झाइमांचा असा एक गट आहे, जो अन्न पचवत नाही, तर जनुकांवर खुणा करतो आणि खुणा पुसतो. आपल्या एका पेशीतला डीएनए ताणला तर सुमारे दोन मीटर भरतो. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. गुंडाळी घट्ट तर जनुक मुके, सैल तर बोलते. ही घट्ट-सैल करणारी एन्झाइमे अनेक आहेत. डीएनए मिथाइल ट्रान्सफरेज थेट डीएनएवर मिथाइल नावाचा छोटा गट चिकटवते, आणि जिथे तो चिकटतो तिथले जनुक सहसा गप्प होते. हिस्टोन डीअ‍ॅसिटिलेज हिस्टोनवरचे अ‍ॅसिटाइल गट काढून घेते, त्यामुळे रीळ घट्ट होते. एलएसडी-१ नावाचे एक एन्झाइम हिस्टोनवरच्या 'उघडे ठेवा' अशा अर्थाच्या खुणा पुसते. २००४ पर्यंत शास्त्रज्ञांना वाटत होते, की हिस्टोनवरची मिथाइलची खूण कायमची असते. त्या वर्षी हार्वर्डमध्ये यांग शी यांच्या गटाने हे पुसणारे एन्झाइम दाखवले आणि तो समज गेला.

गॅमाच्या जनुकापाशी ही एन्झाइमे आपण होऊन येत नाहीत. त्यांना बोलावणारे एक प्रथिन आहे, बीसीएल-११-ए. २००८ मध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांनी बोस्टनमध्ये दाखवले, की प्रौढ पेशीत गॅमा मिटवण्याचा हुकूम मुख्यतः याचा. ते स्वतः एन्झाइम नाही. ते जागा धरून बसते आणि डीअ‍ॅसिटिलेज, एलएसडी-१, मिथाइल ट्रान्सफरेज यांना कामाला लावते. म्हणजे औषध शोधणाऱ्यापुढे दोन वाटा राहतात: हुकूम देणाऱ्याला गाठा, किंवा हुकूम बजावणाऱ्या एन्झाइमांना अडवा. एन्झाइमाला एक खोबण असते, जिथे त्याचे काम चालते. त्या खोबणीत बसेल असा छोटा रेणू बनवता येतो, आणि छोटा रेणू म्हणजे तोंडाने घ्यायची गोळी. बीसीएल-११-एला अशी सोयीची खोबण नाही. या फरकावर माझे आजचे सगळे म्हणणे उभे आहे.

आता या शोधाची कथा थोडी सविस्तर सांगतो, कारण तिच्यात तुमच्या घरातली एक कॅप्सूल आहे.

१९८२. शिकागोत जोसेफ डीसिमोन आणि पॉल हेलर हे बबून माकडांवर काम करत होते. त्यांनी अ‍ॅझासायटिडिन हे औषध दिले. हे औषध मोठे चलाख आहे. डीएनएचा एक दुवा असल्याचे सोंग घेऊन ते नव्या डीएनएत शिरते. मिथाइल ट्रान्सफरेज त्याच्यावर मिथाइल चिकटवायला येते आणि तिथेच अडकून पडते, सुटूच शकत नाही. पेशीतला या एन्झाइमाचा साठा असा संपत जातो आणि खुणा पुसट होतात. रक्त कमी असलेल्या त्या माकडांत एचबीएफ भराभर वाढले. त्याच वर्षी अमेरिकेत टिमोथी ले आणि आर्थर निएनह्यूस यांच्या गटाने गंभीर थॅलेसेमियाच्या एका रुग्णाला हे औषध देऊन गॅमाचे उत्पादन वाढल्याचे दाखवले. माणसात, मिटलेले जनुक औषधाने उघडले. आजही ते वाचताना मला अंगावर काटा येतो.

पण लगेच वाद उभा राहिला. दुसऱ्या काही शास्त्रज्ञांनी विचारले, हे मिथाइल पुसल्यामुळे झाले कशावरून? अ‍ॅझासायटिडिन पेशी मारतेही. मगजातल्या पेशी मेल्या की उरलेल्या घाईघाईने रक्त बनवू लागतात, आणि अशा घाईत एचबीएफ वाढते. हे तपासायचे तर पेशींची वाढ रोखणारे, पण मिथाइलला हात न लावणारे औषध देऊन पाहायचे. तसे एक औषध जुनेच होते. १८६९ मध्ये जर्मनीत बनवलेले, पुढे रक्ताच्या कर्करोगात वापरले गेलेले: हायड्रॉक्सियुरिया. १९८४ मध्ये ते माकडांना दिले, मग सिकलसेलच्या रुग्णांना दिले, आणि एचबीएफ वाढले.

एका एन्झाइमाबद्दलचा वाद सोडवायला आणलेले औषध, आणि तेच आज गोंदियाच्या केटीएस रुग्णालयातून, प्राथमिक आरोग्य केंद्रातून तुम्हाला मिळते. हायड्रॉक्सियुरियाही एक एन्झाइमच अडवते, पण ते वेगळे, डीएनएचे दुवे तयार करणारे. त्यातून एचबीएफ वाढण्यापर्यंतची पूर्ण साखळी अजूनही उलगडलेली नाही. पण गुण निर्विवाद आहे. अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवर झालेली चाचणी १९९५ मध्ये मुदतीआधीच थांबवली, कारण औषध घेणाऱ्यांचे कळांचे झटके जवळपास निम्म्यावर आले होते, आणि इतरांना औषधावाचून ठेवणे योग्य नव्हते. १९९८ मध्ये तिथे मान्यता मिळाली.

आपल्याकडची गोष्ट इथे सांगायलाच हवी. नागपुरातून शुक्ल आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची पहिली नोंद छापली. निलगिरीत लेहमन आणि कटबुश यांना भारतातला पहिला सिकल सापडला, त्याला तेव्हा सहाच वर्षे झाली होती. म्हणजे विदर्भाला हा आजार माहीत होऊन पासष्टहून अधिक वर्षे झाली. पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी बालरुग्णांवर एक फार मोलाचे काम केले. पाश्चात्त्य देशांत हायड्रॉक्सियुरियाचा डोस सोसेल तितका वाढवत नेतात. त्यासाठी वारंवार रक्त तपासावे लागते. आपल्या मुलाला दर थोड्या दिवसांनी शहरात कोण नेणार? त्यांनी किलोला दहा मिलिग्रॅम, ठरलेला कमी डोस, असे देऊन पाहिले, खोट्या गोळीशी तुलना करून. २०१२ मध्ये निकाल छापले. झटके, रक्त चढवणे, दवाखान्यात भरती, सगळे झपाट्याने कमी झाले. विदर्भातल्या मुलांवर, विदर्भातल्या अडचणी जमेस धरून केलेला हा अभ्यास मी प्रत्येक विद्यार्थ्याला वाचायला लावतो. संशोधन कुठे व्हावे, कुणासाठी व्हावे, याचे उत्तर त्यात आहे.

विज्ञानाबरोबर आणखी एक काम चालू होते, आणि ते प्रयोगशाळेबाहेरचे होते. नागपूरचे संपत रामटेके यांनी रुग्णांच्या पालकांना एकत्र आणून सिकलसेल सोसायटी उभी केली, सरकारदरबारी खेटे घातले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचा सुरुवातीच्या काळातला अनुभव प्रसिद्ध आहे. त्यांनी पाहणी करून सिकलसेल शोधला, आणि लोकांकडे गेल्यावर कळले की लोकांना ती आपली निकड वाटतच नाही. त्यातून त्यांनी लोकांना विचारून विषय निवडायचा मार्ग धरला. मला या अनुभवाबद्दल नेहमी असे वाटते, की चूक लोकांची नव्हती. ज्या आजारावर देण्यासारखे हातात काही नाही, त्याचे नाव कळून काय करायचे? त्या काळात देण्यासारखे खरोखरच फार थोडे होते. आज आहे. म्हणून आज निकडही बदलली पाहिजे.

आपल्याच भागात हा आजार इतका का, हे विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात. एकच सिकल जनुक असलेल्याला, म्हणजे एएस पॅटर्नच्या वाहकाला, घातक मलेरियापासून संरक्षण मिळते. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत हे दाखवले. जंगल, तलाव, धानाची बांधी, डास: पिढ्यान्‌पिढ्या इथे वाहक जास्त तगले. यात कुणाच्या जातीचा, कुळाचा, पापाचा काहीही संबंध नाही. हे मोठ्याने सांगतो, कारण मुलीचा रिपोर्ट एएस आला म्हणून सोयरीक मोडते आणि मुलाची तपासणीच होत नाही, हे मी विदर्भात पुन्हा पुन्हा पाहिले आहे. वाहक आजारी नसतो. दोन्ही बाजू वाहक असतील तरच प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका असतो, आणि तो बापाकडूनही तितकाच येतो.

परत एन्झाइमांकडे. त्या १९८२च्या वादात कोण बरोबर ठरले? दोन्ही. पेशी मारल्याने एचबीएफ वाढते हे खरे, आणि न मारता केवळ मिथाइल ट्रान्सफरेज संपवल्यानेही वाढते, हेही खरे. डेसिटाबिन हे अ‍ॅझासायटिडिनच्याच कुळातले औषध. कर्करोगात देतात त्याच्या अगदी थोड्या अंशात दिले, तर पेशी मरत नाहीत, फक्त एन्झाइम अडकते. अडचण अशी, की तोंडाने घेतल्यास आतड्यात आणि यकृतात दुसरेच एक एन्झाइम त्याचा फडशा पाडते. म्हणून योगेन सौंथरराजा आणि सहकाऱ्यांनी त्या दुसऱ्या एन्झाइमाला अडवणारे टेट्राहायड्रोयुरिडिन सोबत दिले. २०१७ मध्ये २५ रुग्णांवरच्या छोट्या चाचणीचे निकाल आले. आठवड्यातून दोनदा कॅप्सूल, आठ आठवडे. योग्य डोस घेणाऱ्यांत एचबीएफ चार ते नऊ टक्क्यांनी वाढले, एकूण हिमोग्लोबिनही एक ग्रॅमहून अधिक वाढले. पंचवीस रुग्ण म्हणजे काहीच नाही, हे कबूल. पण एन्झाइम नेमके गाठता येते, हे त्यात दिसले.

डीअ‍ॅसिटिलेजची कथाही अशीच एका निरीक्षणातून आली. मधुमेही मातांच्या बाळांत गॅमा बंद व्हायला उशीर होतो, हे सुझन पेरीन यांनी १९८५ मध्ये नोंदवले. त्या बाळांच्या रक्तात ब्युटिरिक आम्लाच्या नात्यातला एक पदार्थ जास्त असतो. ब्युटिरेट डीअ‍ॅसिटिलेजला रोखते. १९९३ मध्ये रुग्णांना ब्युटिरेट शिरेतून देऊन एचबीएफ वाढवण्यात आले. पण तासन्‌तास सलाईन लावून द्यायचे औषध रुग्णाने आयुष्यभर कसे घ्यायचे? ती वाट तिथे अडली. एलएसडी-१ वरचे काम २०१३ मध्ये मिशिगनच्या प्रयोगशाळेतून पुढे आले. नैराश्यावरच्या ट्रॅनिलसायप्रोमिन या जुन्या औषधाने ते एन्झाइम अडते आणि मानवी पेशींत गॅमा उघडते, हे दिसले.

सगळ्यात नवी वाट पीआरसी-२ या एन्झाइम-संकुलाची. ते हिस्टोनवर 'बंद' अशी मिथाइलची खूण करते. त्याला अडवणारी पोसिरेडिर ही रोज एकदा घ्यायची कॅप्सूल अमेरिकेत चाचणीत आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत तिथल्या औषध प्रशासनाने ही चाचणी थांबवली होती, कारण या जातीच्या औषधांनी रक्ताचे कर्करोग होण्याची शंका होती. ऑगस्टमध्ये अटींसह परवानगी मिळाली, आणि २०२५ मध्ये जाहीर झालेल्या प्राथमिक निकालांत एचबीएफ ठळकपणे वाढलेले दिसले.

ती सहा महिन्यांची स्थगिती मी मुद्दाम सांगितली. जनुकांवर खुणा करणारे एन्झाइम एका जनुकासाठी काम करत नाही, हजारो जनुकांसाठी करते. ते अडवले की गॅमा उघडते, पण शरीरात दुसरीकडे, जे बंदच असायला हवे तेही उघडू शकते. म्हणूनच ही औषधे आधी कर्करोगात आली: अ‍ॅझासायटिडिन २००४ मध्ये, डीअ‍ॅसिटिलेजविरोधी व्होरिनोस्टॅट २००६ मध्ये. जिथे जीवच पणाला लागलेला आहे, तिथे आपण मोठा धोका पत्करतो. दोन वर्षांच्या मुलाला चाळीस वर्षे द्यायची गोळी वेगळ्या मापाने तोलावी लागते. या बाबतीत कुणी घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमच्यापैकी काहींनी वाचले असेल, की जनुक कापून सिकलसेल आता कायमचा बरा होतो. खरे आहे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने कॅसजेव्ही या उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्या मूळपेशी काढतात, क्रिस्परच्या कात्रीने बीसीएल-११-एचा तांबड्या पेशींतला चालक भाग छाटतात आणि पेशी परत देतात. म्हणजे इथेही गाठले ते गॅमाचे तुडुमच. सिकलचा मूळ दोष तसाच राहतो. तेव्हा अमेरिकेत किंमत ठरली बावीस लाख डॉलर, त्या वेळच्या हिशेबाने सुमारे अठरा कोटी रुपये. त्यात आधी केमोथेरपीने मगज रिकामा करावा लागतो, आठवडेच्या आठवडे निर्जंतुक खोलीत राहावे लागते. आपल्याकडेही हे काम होत आहे. दिल्लीच्या सीएसआयआरच्या संस्थेने विकसित केलेला 'बिरसा १०१' हा देशी क्रिस्पर उपचार २०२५ च्या नोव्हेंबरात जाहीर झाला, आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट त्यात सहभागी आहे. मला त्याचा अभिमान वाटतो. खर्च कितीतरी खाली येईल. पण केमोथेरपी, ती खोली, ते तज्ज्ञ, ते नागपूर-मुंबईलाच राहणार. बोदलकशाहून नागपूर शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. १ जुलै २०२३ ला शहडोलमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. त्यातून सापडणारे सगळे रुग्ण त्या खोलीत मावणार नाहीत.

म्हणून मी एन्झाइमाच्या बाजूचा आहे. एएनएमताईंच्या पिशवीत मावेल, घरी पाण्याबरोबर घेता येईल, आणि नको वाटली तर थांबवता येईल, असे औषध याच वाटेने येईल. कात्री एकदा चालली की चालली. एन्झाइम अडवणारी गोळी बंद केली, तर खुणा हळूहळू परत येतात. जिथे लांबचा धोका अजून पुरता माहीत नाही, तिथे ही परतीची सोय मला फार मोठी वाटते.

आणि ते औषध येईपर्यंत हातात आहे ते हायड्रॉक्सियुरिया. ते कसे वाया जाते, ते दरवर्षी धानाच्या रोवण्यात दिसते. जुलै-ऑगस्टमध्ये बाई दिवसभर वाकून चिखलात उभी, वरून पाऊस, पाय थंड पाण्यात, पाणी प्यायला फुरसत नाही. थंडी, श्रम, अंगातले पाणी कमी: झटक्याला लागणारे सगळे एकत्र. त्याच आठवड्यांत गोळ्या संपलेल्या असतात, कारण आणायला जायचे म्हणजे रोजी बुडवायची. हायड्रॉक्सियुरियाचा गुण दोन-चार महिने सलग घेतल्यावर दिसतो, आणि खंड पडला की एचबीएफ पुन्हा खाली येते. रोवण्याआधी तीन महिन्यांचा साठा घरात असला पाहिजे. मध्ये एकदा रक्तपेशींची मोजणी गावातल्या उपकेंद्रावरच झाली पाहिजे. गरोदर राहायचे असेल तर आधी डॉक्टरांना सांगून गोळीचा निर्णय घेतला पाहिजे. यातली एकही गोष्ट नव्या विज्ञानासाठी अडलेली नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो विद्यार्थ्यांनी व आशाताईंनी नीट ऐकावा.

भारतातल्या सिकल जनुकाची एक स्वतःची ठेवण आहे. शास्त्रात तिला अरब-भारतीय हॅप्लोटाइप म्हणतात, कारण ती सौदी अरबस्तानच्या पूर्व भागातही सापडते. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा या ठेवणीच्या रुग्णांत एचबीएफ मुळातच जास्त असते, पुष्कळदा वीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे तुडुम मुळातच पुरते बंद होत नाही. यावरून पूर्वी असे मानले जायचे, की भारतातला सिकलसेल सौम्य. नागपूरच्या रुग्णालयांतल्या अनुभवाने ते खोडून काढले. इथे पंचवीस टक्के एचबीएफ असूनही विव्हळणारी मुले आहेत, आणि पंधरा टक्क्यांवर शेती करणारे बापेही. एकूण टक्का सारखा असला तरी ते एचबीएफ सगळ्या तांबड्या पेशींत सारखे वाटले आहे की थोड्याच पेशींत साचले आहे, यावर बरेच अवलंबून असते.

उद्या ही एन्झाइमांची औषधे भारतात येतील, तेव्हा त्यांचा डोस शिकागोच्या रुग्णांवर ठरलेला असेल. पाच टक्क्यांवरून पंधरावर नेणारा डोस, मुळात वीसवर असलेल्या आपल्या मुलाला किती द्यायचा? कदाचित कमी पुरेल, आणि कमी पुरला तर धोकाही कमी. डॉ. जैन यांनी हायड्रॉक्सियुरियाच्या बाबतीत जे केले, तेच इथे पुन्हा करावे लागेल. चाचण्या विदर्भात व्हाव्यात, पण कशा? माहितीपत्र मराठीत आणि गरज पडेल तिथे गोंडीत. चाचणी संपल्यावर गुण आलेल्या रुग्णाला औषध चालू राहील याची लेखी हमी. काही बिघडले तर भरपाई कोण देणार, हे आधी ठरलेले. आणि नाही म्हणणाऱ्याची नेहमीची गोळी कुणी बंद करणार नाही, याची खात्री. ग्रामसभेला हे विचारण्याचा अधिकार आहे, आणि विचारणारे गाव संशोधनाच्या आड येत नाही.

त्यासाठी एक काम आजच करता येते. शिबिरात पहिली चाचणी होते ती सोल्युबिलिटीची: नळीत रक्ताचा थेंब घालतात, नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात, रेघा दिसल्या तर ठीक, पाणी गढुळले तर पुढची तपासणी. त्या पुढच्या एचपीएलसी तपासणीचा कागद घरोघरी आहे. सगळे जण त्यावर फक्त 'एएस' की 'एसएस' एवढे पाहतात आणि घडी घालतात. त्याच कागदावर, ए-टू आणि एसच्या रांगेत, एचबीएफचा टक्काही छापलेला असतो. आशाताई, रुग्णाच्या कार्डावर नावाखाली तो आकडा तारखेसह लिहा. हायड्रॉक्सियुरिया सुरू करण्याआधीचा एक, सहा महिन्यांनंतरचा एक, आणि मग दरवर्षी. पाच वर्षांखालच्या मुलाचा असेल तर वयही लिहा, कारण त्या वयात तो अजून उतरत असतो. तिरोडा तालुक्यात हे नीट झाले, तर औषध घेऊन येणाऱ्या कुठल्याही कंपनीला किंवा संस्थेला, इथल्या माणसांचे एचबीएफ किती आणि गोळीने किती वाढते, हे आधी तुमच्याकडून समजून घ्यावे लागेल.